तीन कॅमेरे आणि एक वेणी

मी कचेरीत रेकॉर्ड शाखेत होतो. नागपूर तेव्हा राजधानी होतं, आणि राजधानी म्हटली की कागद आलेच. ते तारीखवार लावून ठेवायचे, मागितले की काढून द्यायचे, हे माझं काम. हे काम अंगात इतकं भिनलं होतं की पंगतीत बसलो तरी कोशिंबिरीच्या आधी मठ्ठा का आला, म्हणून मी वाढप्याशी हुज्जत घालायचो. वडील चारचौघांत सांगायचे, "बाकी याला काही येत नाही, पण क्रम मात्र याचा कधी चुकायचा नाही." या वाक्याचा उत्तरार्ध मी बिल्ल्यासारखा छातीवर लावून हिंडलो. पूर्वार्ध माझ्या कानापर्यंत पोचलाच नाही.

वडील सर्व्हे खात्यातून निवृत्त झाले होते. अर्धा मध्यप्रांत त्यांनी साखळी टाकून मोजला, पण काशी काही त्यांच्या वाट्याला आली नव्हती. निवृत्त झालो की आईला घेऊन प्रयाग, काशी, गया अशी त्रिस्थळी यात्रा करायची, हे त्यांचं कधीचं ठरलेलं. पेन्शन सुरू झाली आणि वर्षाच्या आत अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं जडावलं, पण राहिलं. उजवा हात शाबूत होता. महालातल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट पडली, आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, आता प्रवासाचं नाव काढायचं नाही.

पुढच्या हिवाळ्यात वडीलच म्हणाले, "तुम्ही जा. हिला घेऊन जा."

आई उसळली. "तुमच्याशिवाय? मी काय माहेरी चालले का मजा मारायला?"

काही दिवस घरात नुसती भांडी वाजत होती, माणसं गप्प. मग एका सकाळी आईनं आपण होऊन सांगितलं, "जाऊ या. तिकिटं काढ." हा बदल एकाएकी कसा झाला, हे विचारावं असं माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात कॅमेरा होता.

कारण वडिलांनी माझ्यावर कामगिरी सोपवली होती. "फोटो काढा. सगळ्यांचे मिळून एक अल्बम कर आणि क्रमानं लाव. मला इथं पडल्या पडल्या यात्रा करायची आहे. काशीहून प्रयागला उलटा नेऊ नकोस मला."

मी म्हणालो, "बाबा, काळजीच सोडा." अशी वाक्यं माणूस बोलतो तेव्हा वर कोणीतरी नक्की हसत असेल.

निघालो तिघं: आई, काका आणि मी. माझी बायको वडिलांजवळ घरी राहिली. जबलपूरला आमचे जावईबापू, म्हणजे बहिणीचे यजमान, गाडीत चढणार होते; बहीण बाळंतीण, म्हणून ते एकटेच. आणि आई सोडून प्रत्येकाजवळ एकेक कॅमेरा होता. आईला काय दिसलं हे नाहीतरी कोणी विचारणार नव्हतं.

माझा डबा कॅमेरा. पोटाशी धरायचा, वरच्या काचेत मान घालून बघायचं आणि खटका दाबायचा. मी प्रत्येकाला ताठ उभं करायचो आणि "हलू नका" म्हणून ओरडायचो, त्यामुळे माझ्या फोटोतली माणसं मास्तरांनी बाकावर उभं केल्यासारखी दिसत. काकांचा कॅमेरा भात्याचा, विलायतेला परतणाऱ्या कुण्या साहेबाच्या सामानातून घेतलेला. काका वडिलांचे धाकटे भाऊ, लग्न केलं नाही, आणि डोक्यावरच्या दाट काळ्या केसांचा त्यांना भारी अभिमान. स्वतःचं डोकं एवढं जपणारा हा माणूस फोटो काढताना मात्र सगळ्यांची डोकी उडवायचा. गळ्याखाली फोटो सुंदर. जावईबापूंचा कॅमेरा चिमुकला पण मोठा दमदार. एका रिळात इतके फोटो निघायचे की रीळ संपायचंच नाही. पण माणूस भिडस्त. सासूला "इकडे बघा" म्हणायची त्यांची छाती नव्हती, म्हणून ते मागे राहून गुपचूप खटका दाबत. सासूबाई सगळीकडे पाठमोऱ्या.

तर अशी आमची एकच यात्रा: माझ्याकडे ताठ, काकांकडे बिनडोक आणि जावयांकडे पाठमोरी.

संगमावरच्या त्या सकाळी नेमकं माझं रीळ संपलं. उजेडात रीळ बदललं तर फोटो जळतात असं कोणीतरी सांगितलेलं, म्हणून मी प्रयागच्या आमच्या उपाध्यांच्या पडवीत घोंगडी डोक्यावरून घेऊन बसलो. रीळ अडकलं. बाहेर गंगा-यमुना एकमेकींना भेटत होत्या आणि आत मी घोंगडीत घाम गाळत होतो. वडील हयात असलेल्याला तिथं क्षौर करायचं नसतं, तेव्हा मला न्हाव्याशी काम नव्हतं. काकांना होतं. मी घाटावर पोचलो तोवर काका गुळगुळीत झाले होते, कानटोपी घालून रुसून बसले होते. आणि आईचं स्नान, बायकांचे काय ते विधी, सगळं आटोपलं होतं. मी सगळ्यांना किल्ल्याकडे पाठ करून ओळीत उभं केलं. "आई, पदर जरा मागे घे, चेहरा दिसत नाही," असंही बजावलं. खटका दाबला. हा किल्ल्याचा फोटो. पुढचा सगळा घोळ यानंच घातला. म्हणजे घातला मीच, पण याच्या जोरावर.

तिथून काशी, गया, पुन्हा काशी असं करून गंगेच्या लोट्या घेऊन आम्ही घरी आलो.

रिळं धुवायला दिली इतवारीतल्या एका फोटोवाल्याकडे. कोष्ट्याच्या घरचा माणूस. बाप-आजे हातमागावर लुगडी विणत आले, यानं मागाच्या खोलीत काळे पडदे लावून अंधारखोली केली होती. मी त्याला बजावून सांगितलं होतं, तिघांची रिळं वेगवेगळी ठेव. त्यानं एक जाडजूड पाकीट माझ्या हातात ठेवलं. सगळे फोटो एकत्र, आणि काचाही एकेक कापून त्यात कोंबलेल्या. काचा म्हणजे निगेटिव्ह. तेव्हा आम्ही त्यांना काचाच म्हणत असू.

"हे सगळे एकत्र का केले?"

"काहून मंजे? एकाच घरचे तं आहेत ना! तुमची वाटणी झाली काय गा साहेब?"

"अरे, पण क्रम! कुठला आधीचा, कुठला नंतरचा, कसं कळणार?"

"तुमीच गेल्ते ना तिथं?" तो शांतपणे म्हणाला. "तुमाले मालूम नाही, तं मले कुठून मालूम राहीन?"

मी लालबुंद होऊन बाहेर पडलो, कारण प्रश्न रास्त होता. मी गेलो होतो, पण मला काही म्हणता काही आठवत नव्हतं. यात्राभर मी डब्याच्या काचेत मान घालून होतो. काशीचं विचाराल तर मला त्या काचेवरचा ओरखडा तेवढा आठवत होता.

आता घाई होती. काशीहून आलं की मावंदं घालावं लागतं: गंगेच्या लोटीची पूजा आणि मग गोतावळ्याला जेवण. पूजेला आई-वडिलांनी जोडीनं बसायचं ठरलं होतं. खाटेवरून उतरून पाटावर बसता यावं म्हणून वडील रोज सकाळी उजव्या हातावर भार देऊन उठायचा सराव करत. दात-ओठ खात, घामाघूम होऊन. कोणी धरायला गेलं की खेकसत, "सोड! पूजेच्या दिवशी काय मला उचलून मांडणार आहात?" आणि मावंद्याच्या आधी त्यांना अल्बम पाहायचा होता. आधी यात्रा, मग मावंदं. क्रम.

मी काकांना बोलावलं. एका फोटोवरून आमचं इतकं जुंपलं की शेजारी डोकावून गेले, आणि तो फोटो होता फक्त तीन धडांचा. जावईबापूंना पत्र टाकलं, तर उत्तर आलं, "आपण लावाल तोच क्रम." अशा जावयाचं करायचं काय? शेवटी मी ठरवलं, माणसांची साक्ष बाद. कागद बोलतो तेच खरं. कचेरीत हेच करतो, घरीही हेच करू.

आणि मला पद्धत सापडली! जावयांच्या पाठमोऱ्या फोटोंत सापडली. आई जन्मभर अंबाडा घालते. किल्ल्याच्या फोटोत, म्हणजे प्रयागला, मागे घेतलेल्या पदरातून तिचा अंबाडा व्यवस्थित दिसत होता. पण कितीतरी फोटोंत तिच्या पाठीवर चक्क वेणी होती. आधी बरी, मग सैल, मग पार विस्कटलेली, बटा सुटून वाऱ्यावर. मी मांडीवर थाप मारली. प्रयागला अंबाडा होता. म्हणजे पुढे प्रवासात हाल झाले, अंबाडा घालायचं त्राण राहिलं नाही, वेणीवर आलं, आणि ती वेणीही सुटत गेली! मग काय, अंबाड्याचे फोटो आधी. वेणीचे नंतर. त्यातही जितकी विस्कटलेली, तितकी उशिराची. आगगाडीतले वेणीचे फोटो म्हणजे गयेहून परतताना. आणि सगळ्यात विस्कटलेल्या वेणीचा होडीतला फोटो म्हणजे काशीचा दुसरा मुक्काम. आहे काय आणि नाही काय!

बायको फोटो बघत होती. आगगाडीतल्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "अहो, ही तर जातानाची गाडी. ही टोपली बघा ना, मीच संत्री भरून दिली होती."

"ते पेरू आहेत. अलाहाबादचे."

"पेरूला अशी खरबरीत साल असते?"

"छपाईच खरबरीत झाली आहे," मी म्हणालो. नागपुरात जन्मलेला माणूस संत्र्याला पेरू म्हणत होता, तेही बायकोसमोर, तेही ठासून. एवढ्यावर न थांबता मी त्या फोटोखाली पांढऱ्या शाईनं लिहिलंसुद्धा: "परतीच्या वाटेवर, प्रयागचे पेरू."

मग आई आली. ओल्या हातांनीच वाकली आणि होडीतला फोटो बघून पटकन म्हणाली, "हा प्रयागचा आहे."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? मला माहीत आहे."

"आई, माहीत असणं हा पुरावा नाही. प्रयागला तुझा अंबाडा आहे, हा बघ किल्ला. मग ही वेणी प्रयागची कशी? आणि पाणी काय, सगळीकडे सारखंच दिसतं."

आईनं पुढच्या खोलीकडे एकदा पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. मग म्हणाली, "लाव तुला लावायचं तिथं." मी लावला. चारी बाजूंना कोपरे चिकटवून, खाली सुबक अक्षरात: "काशी, दुसरा मुक्काम. नौकाविहार."

मावंद्याच्या आदल्या दुपारी अल्बम वडिलांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी उशीखालून सर्व्हेच्या काळातलं भिंग काढलं आणि यात्रेला निघाले. पहिल्या पानावर नागपूर स्टेशन, तिथं खूश. "याचं डोकं कुठाय?" म्हणून काकांच्या फोटोला हसले. मग किल्ल्याचं पान आलं आणि ते थांबले. भिंग आईच्या चेहऱ्यावरून हळूच मागे सरकलं. बराच वेळ तिथंच राहिलं. पुढे काशी, गया, ती त्यांनी भराभर उलटली. होडीच्या फोटोपाशी पुन्हा थांबले.

"क्रम बरोबर आहे हा?"

"अगदी."

"नक्की?"

"बाबा, एक फोटो इकडचा तिकडे नाही."

त्यांनी अल्बम मिटला. "छान झालाय," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, भारावले. हो, मला खरोखर तसं वाटलं! मी मिशीला पीळ देत आत जाऊन चहा मागितला.

दिवेलागणीला आई लोटी घासून पुसून त्यांना दाखवायला गेली, तेव्हा ते म्हणाले, "उद्या पूजेला मी बसत नाही. तुम्ही करून घ्या."

"म्हणजे? काहून? दुखून राहिलं का काही?"

"नाही."

"मग?"

"नाही म्हटलं ना."

आई लोटी हातात धरून तशीच उभी राहिली. इतके दिवस दात-ओठ खाऊन उठणारा माणूस नाही म्हणत होता, आणि कारण सांगत नव्हता. ती स्वयंपाकघरात गेली आणि गोळाभाताची डाळ अशी काही वाटायला लागली की पाटा फुटेल असं वाटलं. मी बायकोला म्हणालो, "म्हातारपणी माणसं लहरी होतात."

बायकोनं हातातलं सूप खाली ठेवलं. मला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं. लग्न झाल्यापासून तिनं मला असं कधी धरलं नव्हतं.

"तुम्ही काय करून ठेवलंय, कळतंय का तुम्हाला? निघायच्या दिवशी सकाळी मी मामंजींना चहा घेऊन गेले. तर ते सासूबाईंची वेणी घालत होते. एका हातानं. दुसरा हात नाही, म्हणून एक पेड सासूबाईंनी स्वतः खांद्यावरून धरला होता, आणि एक मामंजींनी दातांत. मी दारातूनच परत फिरले. चहा तसाच निवला."

मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. प्रयागला सवाष्णींनी वेणीदान करायचं असतं: नवऱ्यानं तिथं संगमावर बायकोची वेणी घालायची, आणि तिचं टोक कापून पाण्यात सोडायचं. हे मलाही ऐकून माहीत होतं. पण ऐकून माहीत असलेल्या गोष्टीचा स्वतःच्या आईशी काही संबंध असतो, हे मला सुचलं नव्हतं.

"मामंजींना जाता येत नव्हतं. म्हणून घरूनच घालून दिली. म्हणाले, 'संगमापर्यंत सोडू नकोस, म्हणजे मी आलोच.' म्हणूनच तर सासूबाई जायला तयार झाल्या! नुसती टोकाची गोष्ट नाही, वाटभर त्यांनी केसांना फणी लावली नाही. आणि तुम्ही? प्रयागला अंबाडा आणि वेणी मागून काशीला! याचा अर्थ काय होतो? सासूबाईंनी संगमाच्या आधीच वेणी सोडली, आणि घरी येऊन मामंजींना सांगितलं, दिली म्हणून. खोटं सांगितलं, असाच ना?"

पहिल्यांदा मला राग आला, फोटोवाल्यावर. मग जावयांवर: एकदा समोरून फोटो काढला असता तर काय बिघडलं असतं? मग राग यायला दुसरं कोणी उरलं नाही आणि मला रडू यायला लागलं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच, आणि उंट मी स्वतः आणून दारात बांधला होता.

धावत पुढच्या खोलीत गेलो. अल्बम घेतला, होडीचा फोटो उपटला, प्रयागच्या पानावर किल्ल्याच्या आधी ठेवला आणि वडिलांच्या समोर धरला. "बाबा, चुकलं होतं. हा आधीचा आहे."

त्यांनी पाहिलं, आणि किंचित हसले. ते हसू मला अजून सोसवत नाही. "आता बदललास?"

"खरंच चुकलं होतं!"

"तुझा क्रम चुकत नाही. राहू दे रे. तिनं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. आता तूही तेच करतो आहेस. मला काही वाईट नाही वाटत." डोळ्यांत पाणी, आणि म्हणे वाईट नाही वाटत.

"अहो, ही बघा आगगाडीतली संत्री! जातानाची आहेत, तेव्हाही वेणी आहे."

"खाली पेरू लिहिलं आहेस तू," वडील म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खोटा क्रम मी इतक्या थाटात लावला होता की आता खरा क्रम म्हणजे माझा दयाळूपणा ठरत होता. आईला बोलावून शपथ घ्यायला लावावी, तर तिच्याच शब्दावर तर सगळं अडलं होतं. मी भिंग उचललं आणि होडीचा तो फोटो इंच न् इंच बघू लागलो. देवा, काहीतरी दिसू दे. होडी, आईची पाठ, ती बिचारी विस्कटलेली वेणी, शेजारी उपाध्यांची बायको. मागे काठ. काठावर एक गडी बसलेला आणि त्याच्या खांद्यावर एक मडकं. अर्धं काळं, अर्धं पांढरं. हे मडकं मी आधीही पाहिलं होतं. काठावर मडकी असायचीच.

पण खांद्यांवर मधोमध मडकं घेऊन कोण बसतं?

त्याच वेळी काका पत्रावळींचा गठ्ठा घेऊन दारात आले. डोक्यावर टोपी. यात्रेहून आल्यापासून ते टोपी काढत नव्हते. "काय करून राहिले बापलेक?" म्हणत त्यांनी फोटोत डोकावलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"काका, हे कोण?"

"कोण म्हणजे? मडकं आहे ते."

वडिलांनी माझ्या हातून भिंग घेतलं. वाकून बघितलं. मग त्यांच्या त्या जड जिभेतून एकदम जुना, साखळी टाकणाऱ्या गड्यांवर ओरडणारा आवाज निघाला. "टोपी काढ!"

"दादा, उगाच आता..."

"काढ म्हणतो ना!"

काकांनी टोपी काढली. खुरटलेले केस सगळीकडे सारखे उगवत होते, पण डोक्याचा तो खालच्या अंगाला बसका आकार भिंगातल्या मडक्याचाच होता. काका खाटेच्या कडेवर बसले आणि भडाभडा बोलायला लागले. "काय सांगू दादा! त्या न्हाव्यानं अर्धं डोकं केलं आणि उठून दुसरं गिऱ्हाईक धरायला गेला! तिथं तसंच करतात ते. अर्धं करून ठेवलं की माणूस पळून जात नाही. जाणार कुठं अशा डोक्यानं? किती वेळ बसलो होतो मी तसा! लोक बघून हसत होते. इथं कोणाला सांगितलं नाही, म्हटलं सगळा महाल हसेल."

"आणि ही?" वडिलांनी आईच्या पाठीवर बोट ठेवलं.

"वहिनी? समोरच तर होत्या होडीत. मी हाका मारून राहिलो होतो, वहिनी, न्हावी दिसतो का कुठं? मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. दोन्ही हातांनी वेणी धरून बसल्या होत्या. उपाध्यांची बायको कात्री घेऊन आली तर तिला म्हणाल्या, 'यजमानांनी घरूनच घालून दिली आहे, थोडी सैल झाली आहे, चालेल ना?' मग टोक पाण्यात सोडलं आणि रडायला लागल्या. आता मी अर्ध्या डोक्यानं जाऊन समजूत कशी घालणार?"

वडिलांनी भिंग खाली ठेवलं. काकांच्या जन्मात त्यांचं डोकं एकदाच अर्धं झालं होतं, आणि ते प्रयागला. यापुढे कुठला पुरावा हवा?

"अगं," वडिलांनी हाक मारली. "अगं ए, इकडे ये."

आई डाळीच्या हातांनी आली, मागोमाग माझी बायको. वडील तिच्याकडे बघत म्हणाले, "पोचली गं."

आईनं आमच्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, काकांच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. सगळं तिच्या लक्षात आलं, आणि मग ती जी कडाडली! "मी काय सांगत होते मग? आल्या दिवशी सांगितलं ना, पोचली म्हणून? माझ्या शब्दावर विश्वास नाही आणि पोराच्या डिंकावर आहे! डोकं खाजवून खाजवून जीव गेला माझा. गाडीतल्या बाया सरकून बसत होत्या. फणी हातात घ्यायची आणि परत ठेवायची! आणि तुम्ही म्हणता पूजेला बसत नाही? म्हणून बसत नव्हता?"

सुनेसमोर, दिरासमोर, मुलासमोर ती बोलत होती, आणि रडत होती, आणि डाळीच्या हातांनी डोळे पुसत होती.  वडिलांनी उजवा हात कानाला लावला. माझ्या वडिलांना कान धरताना मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो.

त्याच संध्याकाळी आम्ही सगळा अल्बम सोडवला. खाटेवर फोटो पसरले. आई एकेक उचलून देत होती, "हा आधी. मग हा. ही संत्री." मी निमूट चिकटवत होतो. पेरू खोडला. नागपूर स्टेशनचा फोटो पहिल्या पानावर लावायला घेतला, तर आईनं हात धरला.

"थांब. याच्या आधी एक आहे."

"कुठला?"

ती वडिलांकडे बघून खाली मान घालून हसली. "तो काढलेला नाही. पण जागा सोड."

रेकॉर्ड शाखेत न मिळालेल्या कागदासाठीसुद्धा जागा ठेवतात, एवढं मला येत होतं. मी पहिल्या पानावर चार कोपरे चिकटवले आणि मध्ये काही लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी वडील आपल्या आपण पाटावर उतरले. वेळ लागला, पण कोणाला हात लावू दिला नाही. आई शेजारी बसली. पूजा चालू असताना अल्बम बाहेरच्या मंडळींत फिरत होता, आणि पहिलंच पान उघडून शेजारचे एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "अरेरे, यातला पहिला फोटो कुठं पडला वाटतं!"

मी सांगायला तोंड उघडलं. पण पाटावरून वडीलच म्हणाले, "पडला नाही. क्रम बरोबर आहे त्याचा."